फॉर्ममध्ये खाड्याचा रकाना नव्हता

मी सोलापुरात लाईन प्रोडक्शन करतो, म्हणजे बाहेरचं युनिट आलं की परमिशन, जेवण, गाड्या, भांडणं सगळं माझ्याकडे. मे महिन्यात पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कारखान्यात टॉवेलच्या जाहिरातीचं शूट होतं, युनिट मुंबईचं, आणि सोबत क्लायंटचा चार पानी 'ग्रीन आणि इन्क्लुजिव्ह' फॉर्म. डिझेल किती जाळलं, प्लास्टिकच्या बाटल्या किती, क्रूमध्ये बायका किती, दिव्यांग किती.

आधी मला मजाच आली. एरवी गल्लीत जनरेटर धडधडत उभा असतो, लाईट बंद असले तरी चालूच, दिवसाला 60 लिटर डिझेल गेलं तर 160 किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. मी म्हटलं कारखान्यात थ्री फेज आहे की ओ, एचएमआय म्हणजे ते जास्त वीज खाणारे मोठे दिवे सोडा, एलईडी लावू, लोड बसतंय. गॅफरनं, म्हणजे लाईटच्या मुख्य माणसानं, तोंड वाकडं केलं, पण बसलं. घोळ एकच झाला, मागावर कापसाचा तूस उडतो आणि एलईडीच्या मागे पंखा असतो, तो तूस ओढतो, जाळी बुजते, लाईट तापून आपोआप बंद. दोनदा झालं. मग तिथल्या जॉबरनं, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्यानं, माग साफ करायचा हवेचा पाईप आणला आणि दर अर्ध्या तासाला लाईट बंद करून फुर्र. हे कुठल्या मॅन्युअलमध्ये नाही.

बाटल्यांऐवजी 20 लिटरचे जार, स्टीलचे ग्लास. आता ग्लास धुवायला पाणी लागतं, आमचं पाणी 100 किलोमीटरवरच्या उजनीहून येतं आणि नळ रोज येत नाही, हे मुंबईवाल्यांना कुठं माहीत. टँकर मागवला, तो पण डिझेलवरच आला. टँकरचा रकाना नव्हता, मी पण लिहिलं नाही, खोटं कशाला बोलू.

खरी गोष्ट दुपारची. डायरेक्टरला सिंक साउंड पाहिजे, म्हणजे शूट करतानाच आवाज रेकॉर्ड करायचा. मागांचा आवाज असा की कानात ओरडावं लागतं, कामगार तर हातवाऱ्यांनीच बोलतात. म्हणून 24 च्या 24 माग बंद. दहा मिनिटं म्हणाले, तीन तास गेले. मालकाला लोकेशनचं भाडं मिळालेलं, तो खुशीत. पण विणकराला मजुरी माल निघेल तशी, माग बंद म्हणजे खाडा. हे मला माहीत होतं बे! माझा आजा मागावर होता, आणि तरी मी बजेटमध्ये धरलं नाही, मालकाशी ठरलं की झालं असं समजून चाललो.

प्रोड्युसरला म्हटलं, जनरेटरचे पैसे वाचलेत त्यातून देऊ. म्हणे, ते सेव्हिंग रिपोर्टमध्ये दाखवायचंय. माणूस वाईट नाही, लाईटमनचे पैसे वेळेवर देतो, पण रकान्याच्या बाहेर त्याचं डोकं जात नाही.

त्यात टॉयलेट. कारखान्यात बायकांची सोय नाही, म्हणून कॉस्च्युमच्या मुलींसाठी मी फिरतं टॉयलेट मागवलेलं, फॉर्मवर त्याची टिक. कांड्या, म्हणजे मागाला लागणाऱ्या सुताच्या नळ्या, भरणारी एक अक्का, साठीच्या पुढची, सकाळपासून बघत होती. चारला जवळ आली, तेलुगू वळणाच्या मराठीत विचारलं, "आमी जाऊ काय त्यात?" जा की अक्का, म्हटलं. मागनं अजून सहा जणी गेल्या. पॅकअपच्या वेळी परत विचारते, "उद्या पण ऱ्हातंय काय ओ हे?"

नाही म्हटलं. "बरं," म्हणाली आणि कांड्यांकडं गेली.

निघताना खिशातले होते तेवढे पैसे जॉबरच्या हातात दिले, सगळ्यांत वाटा म्हणून. पुरणार नव्हतेच, तो "असू द्या ओ" म्हणाला, ते जास्त लागलं. रात्री फॉर्म भरला, सगळ्या टिका हिरव्या.

पुढच्या महिन्यात दुसरं शेड्यूल आहे, कारखाना तोच. एस्टिमेटमध्ये भाड्याखाली वेगळी ओळ टाकली, 'खाडा, 24 माग', आणि टॉयलेटचे दोन दिवस जास्तीचे. काल त्यांच्या अकाउंटवाल्याचा फोन आला, हिंदीत विचारत होता की हे खाडा कुठलं इक्विपमेंट, सोलापुरात भाड्यानं मिळतं का मुंबईहून पाठवायचं.