हजर: ई. एम. ग्रेस, आणि बाकी कोणी नाही

एकोणिसाव्या शतकातला इंग्लंडचा क्रिकेटर डब्ल्यू. जी. ग्रेस, याचा फोटो क्रिकेट आवडणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी पाहिलेला असतोच. छातीपर्यंत दाढी, डोक्यावर ती छोटीशी टोपी, धिप्पाड माणूस. पण आज मला त्याच्याबद्दल नाही लिहायचं, त्याच्या मोठ्या भावाबद्दल लिहायचंय. एडवर्ड मिल्स ग्रेस, सगळे ई. एम. म्हणायचे. डॉक्टर, क्रिकेटर आणि जवळजवळ 38 वर्षं एका काउंटी क्लबचा (काउंटी म्हणजे इंग्लंडमधला जिल्हा) सेक्रेटरी.

मी त्याच्याकडे वळले ते एका ओळीमुळे. त्याच्या ग्लॉस्टरशायर क्लबच्या कमिटीची मीटिंग ब्रिस्टलच्या एका हॉटेलात ठरली होती, सेक्रेटरी वेळेवर जाऊन बसला, दुसरं कोणी फिरकलंच नाही, तर याने मिनिट्सच्या वहीत सरळ लिहून टाकलं की हजर: ई. एम. ग्रेस, आणि बाकी कोणी नाही. ही ओळ वाचली आणि मला एकदम आमचे आप्पाकाका आठवले.

आप्पाकाका बँकेत क्लार्क होते आणि मुंबईच्या कांगा लीगमध्ये अगदी खालच्या डिव्हिजनला खेळणाऱ्या एका क्लबचे सेक्रेटरी होते. माझं अक्षर चांगलं म्हणून सातवी-आठवीत असल्यापासून त्यांच्या मीटिंगचे मिनिट्स फेअर करून लिहायचं काम माझ्याकडे. निळ्या कव्हरची जाड वही, त्यात तंबूच्या दुरुस्तीचा खर्च, माळ्याचे पैसे, बॉल किती घेतले, वर्गणी कोणाची राहिली. मी नावं लिहायला घेतली की ते म्हणायचे, "थांब गं, आधी बॉल कोणी आणला ते लिही, रन कोणी काढले ते लिहायला पेपरवाले आहेत." आमच्या मॅचचा स्कोअर पेपरात एका ओळीत यायचा, तोही एखाद्याने सेंच्युरी मारली तर. आणि कितीतरी मीटिंगांना हजेरीच्या रकान्यात काकांचं एकट्याचंच नाव असायचं. म्हणून ती ओळ वाचून मी या माणसाबद्दल मिळेल ते वाचत सुटले.

तर ई. एम. चा जन्म 28 नोव्हेंबर 1841 चा, ब्रिस्टलजवळच्या डाउनएंड गावातला. वडील हेन्री मिल्स ग्रेस गावचे डॉक्टर आणि क्रिकेटवेडे, घराच्या बागेत पिच होतं. पाच भाऊ, त्यातला हा मधला. हेन्री, आल्फ्रेड, ई. एम., मग डब्ल्यू. जी., आणि शेवटचा फ्रेड. पहिले चौघं डॉक्टर झाले. आई मार्था आणि आल्फ्रेड पोकॉक नावाचा मामा हे दोघं खरे कोच म्हणायचे. आईला क्रिकेट इतकं कळायचं की मॅच संपल्यावर मुलांच्या चुका ती सांगायची. मामाने एक चूक ई. एम. च्या बाबतीत केली आणि ती धाकट्यांच्या वेळी सुधारली. ई. एम. ला लहानपणी मोठ्या माणसाची बॅट दिली होती, ती त्याला सरळ धरायला झेपायची नाही, त्यामुळे आडवी बॅट फिरवून ऑफचा बॉल लेगला ओढायची सवय लागली ती जन्मभर गेली नाही. डब्ल्यू. जी. ला मात्र उंचीच्या मापाची बॅट मिळाली आणि त्याची बॅट सरळ आली. म्हणजे ज्या बॅटिंगला आपण आजच्या बॅटिंगची सुरुवात म्हणतो ती थोडीफार मोठ्या भावाच्या बॅटच्या साइजमुळे घडली. मला ही गोष्ट फार आवडते.

1855 साली विल्यम क्लार्कची ऑल इंग्लंड इलेव्हन ही गावोगाव खेळत फिरणारी टीम ब्रिस्टलला आली, तेव्हा हा तेरा वर्षांचा पोरगा त्यांच्याविरुद्ध लाँग स्टॉपला उभा राहिला. लाँग स्टॉप म्हणजे विकेटकीपरच्या थेट मागे. तेव्हाची पिचं इतकी खराब असायची की कीपरला चुकवून बॉल सारखे जायचे, म्हणून ती जागा महत्त्वाची. फील्डिंग बघून क्लार्कने त्याला बॅट बक्षीस दिली. पुढे आईने मोठ्या टीमच्या कॅप्टनला पत्र लिहिलं की माझ्या एडवर्डला घ्या, आणि माझा अजून एक धाकटा आहे, तो याच्याहून चांगला होईल कारण त्याचा बॅक प्ले जास्त पक्का आहे, ही गोष्ट तर इंग्लंडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगतात.

पण एक लक्षात घ्या, डब्ल्यू. जी. मोठा व्हायच्या आधी काही वर्षं इंग्लंडमध्ये सगळ्यात जास्त चर्चा ई. एम. ची होती. 1862 चा ऑगस्ट, कँटरबरी वीक. एमसीसीला, म्हणजे क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या लंडनच्या मेरिलबोन क्रिकेट क्लबला, एक माणूस कमी पडत होता आणि हा वीस वर्षांचा मुलगा खेळायला मिळाला. केंटच्या जंटलमन लोकांनी, म्हणजे पैसे न घेता खेळणाऱ्यांनी, कुरकुर केली की हा एमसीसीचा मेंबर नाही. मग त्याने ओपनिंगला येऊन शेवटपर्यंत नॉटआउट राहत 344 मधले 192 केले आणि दुसऱ्या इनिंगला केंटच्या दहा विकेट घेतल्या. मॅच बारा-बारा जणांची होती म्हणून एका इनिंगमध्ये दहा विकेटच्या अधिकृत यादीत हे धरत नाहीत, मला ते थोडं लागतं, पण नियम तो नियम. पुढच्या वर्षी सगळ्या मॅचेस मिळून त्याचे तीन हजारांच्या वर रन झाले आणि जॉर्ज पारच्या टीमबरोबर 1863-64 ला ऑस्ट्रेलियाला गेला. त्या टीममध्ये बाकी सगळे पैसे घेऊन खेळणारे प्रोफेशनल, अॅमॅच्युअर हा एकटा.

फील्डिंगला पॉइंटवर उभा राहायचा, आजच्यासारखं लांब नाही, बॅट्समनच्या अगदी जवळ, बॉल बॅटवरून उडाला की हातात. बॉलिंग अंडरआर्म लॉब. काळ पुढे गेला, ओव्हरआर्म आलं, तरी हा लॉब टाकत राहिला आणि विकेट काढत राहिला.

मग डॉक्टरकी. 1860 च्या दशकात परीक्षा पास झाला आणि पुढे थॉर्नबरी या छोट्या गावात प्रॅक्टिस टाकली. डब्ल्यू. जी. ला मेडिकल पूर्ण करायला अकरा वर्षं लागली, 1868 ते 1879, कारण उन्हाळा सगळा क्रिकेटमध्ये जायचा. ई. एम. चं वेगळं, त्याने गावातली अनेक कामं अंगावर घेतली. गोरगरिबांचा सरकारी डॉक्टर, देवीची लस टोचणारा, जन्म-मृत्यूची नोंद करणारा, आणि 1875 पासून कोरोनर. कोरोनर म्हणजे संशयास्पद किंवा अचानक मृत्यू झाला की चौकशी करून कारण ठरवणारा अधिकारी. आपल्या मुंबईतही 1999 पर्यंत कोरोनर कोर्ट होतं, जुन्या लोकांना आठवत असेल. कोळशाच्या खाणी, रेल्वे, सेव्हर्न नदी, अशा भागात मृत्यू काही ठरवून येत नाहीत, त्यामुळे याला कधीही बोलावणं यायचं. लोकांनी त्याचं नावच ‘द कोरोनर’ पाडलं. मॅच चालू असताना निरोप आला की प्रेत आलंय, तर याने सांगितलं बर्फावर ठेवा, खेळ संपला की येतो, ही गोष्ट तर थॉर्नबरीच्या बाजूला अजून सांगतात.

आता सेक्रेटरीचं काम. ग्लॉस्टरशायरची पहिली मॅच जून 1870 मध्ये ब्रिस्टलच्या डर्डम डाउन या मोकळ्या माळावर सरे काउंटीशी झाली आणि ती जिंकली. 1871 पासून ई. एम. सेक्रेटरी. क्लबला स्वतःचं ग्राउंड नाही, कधी क्लिफ्टन कॉलेज, कधी चेल्टनहॅम कॉलेज, अशी मैदानं मिळवायची, दुसऱ्या काउंट्यांना पत्रं लिहून तारखा ठरवायच्या, मेंबरांची वर्गणी गोळा करायची, टीम जमवायची, आणि मग स्वतः ओपनिंगला जायचं. फोन नाही, टाइपरायटर नाही, सगळं हाताने. 1876 आणि 1877 ला ग्लॉस्टरशायर एकही काउंटी मॅच न हरता चॅम्पियन झालं, त्यात तिघं भाऊ खेळत होते. स्वतःचं ग्राउंड अॅशली डाउनला मिळालं आणि तिथे पहिली मॅच 1889 मध्ये झाली. म्हणजे सेक्रेटरी झाल्यावर 18 वर्षांनी. मी हा आकडा वाचून थांबले जरा. आप्पाकाकांना एका नेटसाठी जागा मिळवायला तीन वर्षं अर्ज करावे लागले होते आणि त्यावर ते किती खूश झाले होते मला आठवतंय.

सगळं गोड गोड नव्हतं, हेही लिहायला हवं. ग्रेस भाऊ नावाला अॅमॅच्युअर, पण खर्चाच्या नावाखाली भरपूर पैसे घेतात असं उघड बोललं जायचं. नोव्हेंबर 1878 मध्ये एमसीसीने जाहीर केलं की कोणत्याही जंटलमनने क्रिकेटमधून नफा कमवू नये, आणि लगेच 1879 च्या जानेवारीत ग्लॉस्टरशायरच्या मेंबरांनी मीटिंगमध्ये खर्चाचा हिशोब मागितला. खर्च मंजूर करणारा सेक्रेटरी भाऊ आणि घेणारेही भाऊच. मला वाटतं इथे ई. एम. चुकला. डॉक्टरला मॅचच्या दिवशी दुसरा डॉक्टर पगारावर ठेवावा लागायचा, हे मान्य आहे, पण मग सरळ मानधन म्हणायला हवं होतं. त्याच मैदानात प्रोफेशनल बॉलर वेगळ्या दरवाज्याने आत येत होते आणि त्यांना ठरलेले थोडेच पैसे मिळत होते. हे मला पटत नाही आणि त्याच्यावर माझा कितीही जीव असला तरी पटणार नाही.

1880 च्या सप्टेंबरात ओव्हलला इंग्लंडमधली पहिली टेस्ट झाली. ती जमवली कोणी, तर अजून एका सेक्रेटरीने, सरेच्या चार्ल्स अल्कॉकने. आदल्या वर्षी सिडनीला दंगा झाला होता म्हणून ऑस्ट्रेलियाशी खेळायला कोणी तयार नव्हतं, अल्कॉकने सगळ्यांना राजी केलं. इंग्लंडकडून ग्रेस भाऊ तिघं. डब्ल्यू. जी. आणि ई. एम. ओपनिंगला गेले आणि 91 ची पार्टनरशिप झाली, थोरल्याचे 36, धाकट्याचे 152, इंग्लंडकडून टेस्टमधली पहिली सेंच्युरी. ई. एम. तेव्हा 38 वर्षांचा, त्याची ही एकच टेस्ट. फ्रेड दोन्ही इनिंगला शून्यावर आउट झाला पण त्याने ऑस्ट्रेलियाच्या बॉनरचा जो कॅच घेतला तो आजही सांगितला जातो. बॉल इतका उंच गेला होता की तो खाली यायच्या आत बॅट्समन दोन रन पळून तिसऱ्यासाठी वळत होते.

आणि बरोबर दोन आठवड्यांनी फ्रेड गेला. 29 वर्षांचा. मॅच खेळायला विंचेस्टरला निघाला होता, सर्दी छातीत उतरली, वाटेत बेझिंगस्टोकला हॉटेलात पडून राहिला आणि 22 सप्टेंबरला संपलं. घरात चार चार डॉक्टर असून. इतरांच्या मृत्यूची कारणं ठरवणाऱ्या ई. एम. ला तेव्हा काय वाटलं असेल, हा विचार मी पुन्हा पुन्हा करते.

चार वर्षांनी, जुलै 1884, ओल्ड ट्रॅफर्डला लँकेशायरविरुद्ध मॅच चालू असताना आई गेल्याची तार आली. डब्ल्यू. जी. आणि ई. एम. दोघं टीममध्ये होते. लँकेशायरचा कॅप्टन हॉर्नबीने मॅच तिथेच सोडून दिली आणि भाऊ घरी निघाले. मार्थाने बागेत पोरांना शिकवलं आणि तिच्या बातमीने काउंटी मॅच थांबली.

ई. एम. ने चार लग्नं केली आणि त्याला 18 मुलं झाली. याबद्दल फार लिहीत नाही, त्या काळात बायका बाळंतपणात आणि आजारात किती जायच्या ते आपल्या पणज्यांच्या गोष्टींवरून माहीत आहेच.

मला सगळ्यात अवघड वाटतो तो 1899 चा मे महिना. डब्ल्यू. जी. ने लंडनला क्रिस्टल पॅलेसवर लंडन काउंटी नावाच्या नव्या क्लबचं काम घेतलं होतं. ग्लॉस्टरशायर कमिटीने पत्र पाठवून विचारलं की तुम्ही आमच्याकडून नक्की कोणत्या मॅच खेळणार. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्याची मुलगी बेसी टायफॉइडने गेली होती, माणूस आतून मोडलेला, त्याने रागाने राजीनामा पाठवला आणि लिहिलं की काउंटीवर माझं प्रेम आहे पण कमिटीबद्दल मला फक्त तिरस्कार आहे. आणि त्या कमिटीचा सेक्रेटरी कोण? सख्खा थोरला भाऊ. तीस वर्षं दोघांनी मिळून उभा केलेला क्लब. धाकटा क्लब सोडून गेला. थोरला त्याच टेबलावर अजून दहा वर्षं बसून राहिला, 1909 पर्यंत.

फर्स्ट क्लास क्रिकेट ई. एम. ने 1896 ला सोडलं, वयाच्या 54 व्या वर्षी, पण थॉर्नबरी गावाच्या टीमकडून खेळणं साठी उलटल्यावरही चालूच. बारीकसारीक सगळ्या मॅच धरल्या तर त्याचे 76 हजारांहून जास्त रन आणि 12 हजारांच्या वर विकेट होतात. 20 मे 1911 ला थॉर्नबरीत गेला आणि डाउनएंडच्या चर्चमध्ये त्याला पुरलं. त्याच उन्हाळ्यात पटियाळाच्या महाराजांची ऑल इंडिया टीम इंग्लंडला खेळत होती, त्यात आपले पालवणकर बाळू होते, त्या दौऱ्यात शंभराहून जास्त विकेट घेतलेले, आणि त्याच टीममध्ये होते होरमसजी कांगा. तेही डॉक्टर, तेही क्रिकेटर, आणि नंतर मुंबई क्रिकेट असोसिएशनचं काम केलेले. 1948 पासून पावसाळ्यात खेळली जाणारी कांगा लीग ती त्यांच्याच नावाची. आप्पाकाका ज्या लीगसाठी अर्ज लिहीत बसायचे ती एका डॉक्टर-क्रिकेटरच्या नावाची होती हे मला या सगळ्या वाचनात पहिल्यांदा नीट उमगलं.

काका गेले तेव्हा त्यांच्या कपाटात सहा वह्या निघाल्या. मधल्या दोन पावसाळ्यांच्या नाहीत, रद्दीत गेल्या असाव्यात. मी राहिलेल्यांचे फोटो काढून ठेवतेय, 1974 पर्यंत आलेय. तुमच्या घरी किंवा ओळखीत आझाद मैदान, क्रॉस मैदान, शिवाजी पार्क, कुठल्याही छोट्या क्लबच्या अशा वह्या असतील तर रद्दीवाल्याला द्यायच्या आधी मला सांगा, मी येऊन फोटो काढून घेईन आणि वही तुम्हाला परत करेन.