आउटबोर्डचं टायमिंग लावताना आधी पॉइंटर तपासा

माझ्या टू-स्ट्रोक आउटबोर्डचे (बोटीच्या मागे बाहेर लावायचं इंजिन) स्पार्क प्लग काढून बघितले तर एकाच्या पांढऱ्या पोर्सेलीनवर ॲल्युमिनियमचे बारीक चकचकीत ठिपके दिसले, म्हणजे पिस्टनचाच धातू सुटायला लागलेला. डेटोनेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण नीट जळण्याऐवजी स्फोटासारखं पेटणं, अजून काय. त्याला कारणं बरीच असतात, मिश्रण लीन होणं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) हे पण एक, पण कार्ब्युरेटर साफ होते म्हणून टायमिंगकडे, म्हणजे स्पार्क नेमका कधी पडतो त्याकडे वळलो, कारण तो फार लवकर पडला तरी डेटोनेशन होतं.

आता टायमिंग लाईट लावून डिग्री वाचणं सोपं आहे हो, पण ती फ्लायव्हीलशेजारच्या ज्या पॉइंटरसमोर (खूण दाखवणारा काटा) वाचायची तोच सरकलेला असेल तर सगळं फुकट! आणि पिस्टन टीडीसीला, म्हणजे अगदी वरच्या टोकाला, आलाय हे नुसत्या डोळ्याने कळत नाही, वर पोचल्यावर फ्लायव्हील काही डिग्री फिरतं तरी तो हलल्यासारखा वाटतच नाही. म्हणून सगळे प्लग काढले, वायरी अर्थ केल्या, इंजिन बंद करणाऱ्या किल स्विचची दोरी काढली आणि एक नंबरच्या सिलिंडरमध्ये पिस्टन स्टॉप (प्लगच्या जागी बसणारा, पिस्टनला वर जाताना अडवणारा दांडा) बसवला. फ्लायव्हील हाताने हळू फिरवलं, पिस्टन टेकला तिथे पॉइंटरसमोर खूण केली, मग उलटं फिरवून टेकला तिथे दुसरी. दोन्हींच्या बरोबर मध्ये खरा टीडीसी. उलटं फिरवल्याने वॉटर पंपाच्या इम्पेलरची पाती मुडपू शकतात, पण इम्पेलर बदलायला गिअरकेस (खालचा प्रोपेलरचा भाग) उतरवलेलंच होतं म्हणून ती काळजी नव्हती.

पॉइंटर 4 डिग्री चुकीचा निघाला. म्हणजे लाईटमध्ये मॅन्युअलप्रमाणे 22 दिसत होतं तेव्हा प्रत्यक्षात स्पार्क टीडीसीच्या 26 डिग्री आधी पडत होता!

पॉइंटर नीट केला, गिअरकेस चढवलं, बोट पाण्यात घट्ट बांधली, मित्र थ्रॉटलवर आणि मी लाईट घेऊन (सैल कपडे अजिबात नकोत, वर फ्लायव्हील उघडं फिरत असतं). फुल थ्रॉटलचं चेकिंग फ्लशिंग मफवर (बोट बाहेर असताना इंजिनला नळाचं पाणी देणारे कप) करू नका प्लीज, लोड नसल्याने आरपीएम कुठल्या कुठे जातो. मॅक्सिमम ॲडव्हान्सच्या (स्पार्क जास्तीत जास्त किती आधी पडेल ती मर्यादा) स्टॉप स्क्रूचा लॉकनट सैल करून थोडं फिरवायचं, परत चेक करायचं, दर वेळी इंजिन बंद करूनच, असं करत 22 वर आणलं.

नंतर चालवून प्लग बघितले, नवीन ठिपके नाहीत. स्क्रू हलवल्यावर थ्रॉटल लिंकेज पण तपासावं लागतं, कार्बची फुलपाखरी झडप पिकअपच्या खुणेलाच (लिंकेजवर त्यासाठी केलेली खूण) उघडायला सुरू झाली पाहिजे, ते मी त्याच दिवशी करून घेतलं.