जीबीएस आणि भरपाईचा दावा: माझा अनुभव

मी न्यू जर्सीत राहते. फ्लूची लस दरवर्षी घ्यायचे, तशी त्या वर्षीही फार्मसीत जाऊन घेतली. पंधरवड्याने दोन्ही तळपायांना मुंग्या यायला लागल्या आणि बघता बघता जिना चढता येईना. पाठीतलं पाणी काढून तपासलं, नसांची तपासणी झाली. निदान झालं जीबीएसचं, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोमचं; यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर हल्ला करते. आयव्हीआयजी (शिरेतून दिली जाणारी अँटिबॉडीज) दिल्यावर आजार थांबला, पण पायांतला जोर लगेच परत येत नाही.

भरपाई मागता येते हे मला फिजिओथेरपिस्टकडून कळलं. अमेरिकेत १९८६च्या कायद्याने यासाठी वेगळी योजना आहे. कंपनीवर थेट खटला भरता येत नाही. आधी केंद्रीय आरोग्यमंत्र्यांविरुद्ध अर्ज करायचा, आणि तो वॉशिंग्टनच्या कोर्टात ‘स्पेशल मास्टर’पुढे, म्हणजे असे दावे ऐकणाऱ्या खास न्यायाधिकाऱ्यापुढे चालतो. पैसा येतो लसीवरच्या करातून. फ्लूच्या एका डोसमागे ७५ सेंट. वकिलाची फीसुद्धा याच निधीतून वेगळी मिळते, आपल्या रकमेतून कापत नाहीत. पहिलं लक्षण दिसल्यापासून ३ वर्षांत अर्ज जायला हवा.

२०१७ पासून फ्लूची लस आणि जीबीएस ही जोडी या योजनेच्या तक्त्यात आहे; कोणत्या लसीनंतरचा कोणता त्रास लसीमुळे धरायचा, याची ती यादी. लसीनंतर ३ ते ४२ दिवसांत लक्षणं सुरू झाली तर लसीमुळेच झालं असं धरतात, दुसरं कारण निघालं नाही तर. जीबीएस पोटाच्या संसर्गानंतरही होतो. २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याकडे रुग्ण वाढले तेव्हा हे आपल्याकडे घरोघरी कळलं. म्हणून वकीलबाईंचा पहिला प्रश्न: “त्या आधी जुलाब, ताप, काही?” काही नव्हतं. पण ते कागदावर हवं.

आणि कागदावर भलतंच होतं. डिस्चार्जच्या कागदात लिहिलेलं, ‘महिन्यापासून अशक्तपणा’. म्हणजे लसीच्याही आधीपासून! माझा जीव खाली-वर झाला. मग इमर्जन्सीतल्या नर्सची पहिल्या रात्रीची नोंद हाती आली: ‘तीन दिवसांपासून दोन्ही पायांना मुंग्या. ताप नाही. जुलाब नाहीत.’ त्या माउलीने विचारून, नीट लिहून ठेवलं होतं. ती नोंद, माझं आणि ह्यांचं प्रतिज्ञापत्र, एवढ्यावर तारीख सिद्ध झाली. त्यामुळे सांगते, डिस्चार्जचा सारांश नुसता घेऊ नका, नर्सच्या नोंदींसकट संपूर्ण फाइल मागा.

त्रास सहा महिन्यांहून जास्त टिकला हेही दाखवावं लागतं. कोपे (विमा असूनही दर भेटीला आपल्या खिशातून द्यायची रक्कम) परवडेना म्हणून घरीच व्यायाम करावा असं वाटत होतं. पण थेरपीच्या नोंदी हाच त्याचा पुरावा, म्हणून वकीलबाईंनी थेरपी सोडू दिली नाही.

पुढे सरकारी वकिलांनी दावा मान्य केला. वेदनांसाठी जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर मिळू शकतात; बुडालेला पगार आणि औषधपाण्याचा खर्च वेगळा.

एवढ्या दुर्मीळ त्रासामुळे (दहा लाख डोसमागे एखाद-दुसरा) मी लसींच्या विरोधात गेलेली नाही. म्हणूनच ही योजना मला मोलाची वाटते.

कोविडची लस मात्र यात येत नाही. तिची योजना निराळी, अर्ज लस घेतल्यापासून वर्षाच्या आत, आणि वकिलाचा खर्च आपला. आणखी एक: निकाल कोर्टाच्या वेबसाइटवर नावासकट येतो. आजाराचे तपशील झाकून हवे असतील तर १४ दिवसांत तशी विनंती करावी लागते.