तहानेचा अभंग

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आमच्या मंडळीत दुपारी बारा ते तीन उपासना असते. येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात, मधेमधे गीतं होतात. यंदा पाचवा उद्गार पाळकसाहेबांनी माझ्याकडे दिला आणि वर म्हणाले, "भाषण नको ताई, अभंग करा. सगळ्यांना म्हणता आला पाहिजे."

पाचवा उद्गार म्हणजे योहानाच्या 19 व्या अध्यायातला, 'मला तहान लागली आहे.' बाकीच्या उद्गारांत क्षमा आहे, आईची सोय आहे, पित्याला मारलेली हाक आहे. इथे फक्त देह आहे.

नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती माणसाला अभंगाचं वेगळं कौतुक सांगावं लागत नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 मध्ये मुंबईला झाला, पण त्यांचं पुढचं बरंचसं आयुष्य नगर आणि राहुरीत गेलं. तोवर उपासनेत बहुतेक भाषांतरित गीतं परदेशी चालींवर म्हटली जात. टिळकांनी ख्रिस्ताला ओवी-अभंगात, भजन-कीर्तनात आणलं. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. त्यांचं 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईनं! लिहिताना माझा हात अडला की मला त्यांची आठवण येते आणि तक्रार करायला जागा उरत नाही. त्यांच्याही मागे, 1616 मध्ये गोव्यात राचोलला छापलेलं फादर स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' आहे. सुमारे अकरा हजार ओव्या, एका इंग्रज जेझुइट धर्मगुरूनं मराठीत रचलेल्या. एवढी वाट आधीच मळलेली आहे.

छंद लगेच ठरला. मोठा अभंग, म्हणजे देवद्वार: सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक. तो चार अक्षरांचा शेवटचा चरण मला फार आवडतो. वाक्य पुरं होण्याआधीच श्वास संपल्यासारखा तो थांबतो. तहानेबद्दल बोलायला याहून योग्य घाट मला तरी माहीत नाही.

लिहिण्याआधी शास्त्र उघडून बसले. 22 वं स्तोत्र वाचलं. त्यात शक्ती खापरासारखी सुकली आहे, जीभ टाळूला चिकटली आहे. मग योहानाचं शुभवर्तमान पहिल्यापासून फक्त पाण्यासाठी वाचत गेले आणि थक्क झाले. काना गावच्या लग्नात सहा दगडी रांजण काठोकाठ भरले जातात. शोमरोनी बाईकडे विहिरीवर येशू पाणी मागतो. मंडपाच्या सणात उभा राहून तो तान्हेल्यांना आपल्याकडे बोलावतो. आणि शेवटी त्यालाच आंब, म्हणजे आंबलेला द्राक्षारस, मिळते, एजोब नावाच्या झुडपाच्या काठीवर लावलेल्या बोळ्यातून. सगळं पाणी वाटून झाल्यावरची ही तहान आहे, हे त्या वाचनात हाती लागलं. अभंग तिथेच सापडला होता, शब्द नंतर आले.

महिला मंडळातल्या म्हाताऱ्या बायांनाही मी विचारलं. त्यांनी 1972 चा दुष्काळ काढलाय, भर उन्हात खडी फोडलीय. एक आजी म्हणाल्या, "बाई, खरी तहान लागली ना, की माणूस मोठ्यानं मागत नाही. आवाजच निघत नाही." पहिल्या कडव्यातली 'कोरडी वाणी' त्यांची आहे, माझी नाही.

विहिरीच्या काठी
मागितले पाणी
कोरडी ती वाणी
पुन्हा मागे

लग्नाच्या घरात
रांजण भरले
काय रे उरले
तुझ्यासाठी

आंब दिली कोणी
बोळ्यात भरून
मी तर दुरून
पाहणारी

तिसऱ्या कडव्यानं सगळ्यांत जास्त वेळ घेतला. शिपायांना दोष देणारी कडवी भराभर सुचत होती, पण ती म्हणताना प्रार्थना होत नव्हती. मग मत्तयाचा 27 वा अध्याय पुन्हा वाचला. पुष्कळ स्त्रिया तिथे दुरून पाहत होत्या, असं त्यात लिहिलंय. मला माझी जागा मिळाली. भक्तीच्या कवितेत कवीनं कुठे उभं राहायचं हे ठरल्याशिवाय एकही ओळ खरी होत नाही, असं माझं ठाम मत झालं आहे. यमक, मात्रा, चाल हे सगळं त्यानंतर.

चाल भीमपलास रागात बांधली, ठेका साधा भजनी. पेटी वाजवणारा आमच्या तरुण संघातला मुलगा हुशार आहे. 'तुझ्यासाठी' वर आवाज खाली उतरवायचा, हे त्यानं सुचवलं. बायांकडून म्हणवून घेतलं तेव्हा जीभ कुठे अडखळते ते कळलं. आधी 'स्पंज' होता, तो गाताना टोचायचा, म्हणून 'बोळा' आला.

एका वडीलधाऱ्या सभासदांना चौथं कडवं हवं होतं, पुनरुत्थानाचं, म्हणजे येशू रविवारी मेलेल्यांतून उठला त्याचं. लोकांना निराश करून घरी पाठवू नये, असं त्यांचं म्हणणं. त्यामागची माया मला समजते. तरी मी नम्रपणे नाही म्हटलं. शुक्रवारचं दुःख शुक्रवारी पुरतं होऊ द्यावं. घाईघाईनं रविवार आणला तर ज्यांच्या घरी नुकतंच कुणी गेलंय, त्यांना वाटतं की इथेही आपल्या रडण्याला जागा नाही. पाळकसाहेबांनी माझी बाजू घेतली आणि अभंग तीन कडव्यांचाच राहिला.

उपासनेत मी पहिल्यांदा एकटीनं म्हटला, मग मंडळीनं मागोमाग. दुसऱ्या वेळी पुरुषांचा आवाजही मिसळला. तिसरं कडवं पुरुषसुद्धा 'पाहणारी' असंच म्हणत होते. संतांनी स्वतःला विरहिणी म्हणवून घेतलंच आहे, त्यामुळे कुणाला ते खटकलं नाही.

आता पुढच्या पुनरुत्थान सणासाठी, म्हणजे ईस्टरसाठी, पाळकसाहेबांनी नवा अभंग मागितलाय. त्यासाठी मी लहान अभंग घेणार आहे, आठ-आठ अक्षरांच्या दोन चरणांचा. तो टाळ्यांवर धरता येतो आणि मुलांनाही लवकर पाठ होतो. सुरुवात, उठलेला येशू जिला आधी दिसला त्या मग्दालीया मरीयेपासून करायची, एवढं नक्की झालंय.