मका, दिवस ६८: काटा शून्यावर, माती भेगाळलेली

तुरा डोकावला! नाशिकजवळच्या मखमलाबादच्या शिवारातल्या स्वीट कॉर्नचा हा चौथा हिशेब. पेरणी १५ नोव्हेंबरची. एकेक गुंठ्याचे तीन वाफे, तिन्ही ठिबकवर, प्रत्येकाला वेगळा कॉक आणि पाण्याचं मीटर. पहिल्याला दर आठ दिवसांनी २,००० लिटर, काही झालं तरी. दुसरा बाष्पीभवनाच्या वहीवर (उघड्या टबातलं पाणी रोज किती उतरतं, त्याची नोंद), तिसरा टेन्शियोमीटरवर (जमिनीत रोवलेली, सिरॅमिकच्या टोकाची पाण्याची नळी; कोरडी माती तिच्यातलं पाणी ओढते आणि ती ओढ काटा सेंटीबारमध्ये दाखवतो).

आधी तिसऱ्याची फजिती. रविवारी काटा ५५ सेंटीबारवर, मंगळवारी थेट शून्य. शून्य म्हणजे जमीन चिंब, म्हणून पाणी टाळलं. बुधवारी शेजारचे आजोबा बांधावरून ओरडले, "अरे, सकाळी नवालाच पानांची सुरळी झालीय, बघतोस काय?" दुपारची सुरळी संध्याकाळी उलगडते, पण नवाची म्हणजे पीक खरंच तहानलेलं. उकरलं तर काळ्या मातीला भेग पडून सिरॅमिकचं टोक उघडं पडलेलं! आत हवा शिरली की ओढ तुटते, आणि कोरड्या जमिनीतही काटा शून्य दाखवतो. आता टोकाभोवती चिखलाची राबडी ओतून पुन्हा बसवलाय. शिवाय फूटभर खोलीवरची माती मुठीत दाबून गोळा होतो का, तेही रोज बघतो. फुकटचं यंत्र.

वहीचा वाफा मात्र मला आवडायला लागलाय. काल टबातलं पाणी ४ मिमी उतरलं. त्याला पात्र गुणांक ०.७ (टबातून शेतापेक्षा जास्त पाणी उडतं म्हणून) आणि तुऱ्याच्या वेळचा पीक गुणांक १.२ (त्या वयाच्या पिकाची तहान) यांनी गुणलं, म्हणजे ३.३६ मिमी, गुंठ्याला रोज साधारण ३४० लिटर. आठ दिवसांचे २,७००! पहिला वाफा अजून २,०००वरच. रोपं लहान असताना पीक गुणांक ०.३ होता. बाष्पीभवन तेवढंच धरलं तरी आठ दिवसांना ७०० लिटर पुरले असते. तेव्हा जवळपास तिप्पट पाजलं आणि आता उपाशी ठेवतोय. (प्रमाणित पात्र सुमारे १२० सेंमी व्यासाचं असतं. माझा टब छोटा, लवकर तापतो, त्यामुळे आकडा थोडा फुगलेला असणार. एकदा कुत्रं पाणी पिऊन गेलं, तेव्हा ९ मिमी!)

तुरा (परागाची नरफुलं) आणि केस (कणसाचे रेशमी धागे, ज्यांवर पराग पडला तरच दाणा भरतो) यांच्या काळात पाण्याचा ताण बसला तर केस उशिरा बाहेर पडतात, तोवर पराग झडून जातो आणि कणीस बोळकं राहतं. तरी प्रयोग म्हणून पहिल्याचं पाणी वाढवायचं नाही, असं ठरवलंय. आजोबांना ते पटलेलं नाही. काल मी नसताना त्यांनी अर्धा तास कॉक उघडला. मीटरवर २१० लिटर जास्त. वहीत 'आजोबा' म्हणून वेगळा रकाना केलाय.