पाण्यात एका पायावर

मंगळवार, रात्री

आज पाण्यातल्या व्यायामाच्या वर्गाला जाऊन आले. माझ्या सांध्यांची झीज झालेली, म्हणून फिजिओथेरपिस्ट मुलगी केव्हापासून मागे लागली होती, "काकू, एकदा पाण्यात उतरून तर बघा." पण पोहता येत नाही, आणि या वयात चारचौघींत स्विमिंग कॉस्च्युम घालायचा संकोच. पोहण्याची गरजच नसते, पाणी छातीपर्यंतच असतं, हे तिने पटवलं. गोखले रोडवर पूर्ण बाह्यांचा, घोट्यापर्यंतचा कॉस्च्युम मिळाला आणि दुसरी अडचणही मिटली.

बायकांची बॅच सकाळी अकराची. ठाण्यातल्या एप्रिलच्या उन्हाने तोवर पाणी चांगलं कोमट झालेलं असतं. गार पाण्यात सांधे आखडतात, म्हणून ही वेळ मला फार मोलाची वाटली.

उतरायला मात्र सरळ उभी लोखंडी शिडी. तिची कांब जेमतेम दोन बोटं रुंद, सगळा भार तळपायाच्या मधोमध येतो. वरचा पाइप घट्ट धरावा तर अंगठ्याच्या मुळाशी कळ. शिकवणाऱ्या मुलीने पाण्यात प्लास्टिकचं स्टूल ठेवलं आणि माझी कोपरं धरून मला खाली घेतलं. ज्यांच्यासाठी हा वर्ग आहे त्यांनाच पाण्यापर्यंत पोचता येऊ नये, याचं मला खरंच वाईट वाटलं.

पाणी छातीला लागलं आणि गुडघे एकदम मोकळे झाले. ती मुलगी सांगत होती, पाणी कमरेपर्यंत असेल तर पायांवर साधारण निम्मंच वजन येतं, छातीपर्यंत असेल तर तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. माझं वजन ७२ किलो. म्हणजे आज माझ्या पायांवर वीस-बावीस किलोच होते. एरवी जिना चढताना गुडघ्यावर वजनाच्या तिप्पट भार येतो, हे डॉक्टरांनी एक्स-रे दाखवताना सांगितलं होतं. ठाणे स्टेशनच्या पुलावर कठडा धरून एकेक पायरी घेताना तो आकडा रोज आठवतो.

आधी पुढे चाललो, मग मागे, मग आडवं. सावकाश चाललं तर पाणी वाट देतं, घाई केली की अडवतं. वेग दुप्पट केला तर अडथळा जवळजवळ चौपट होतो म्हणे. त्यामुळे कुणाला किती जोर लावायचा ते ज्याच्या त्याच्या हातात. फोमचे डंबेल पाण्याखाली दाबायचे होते, ते दिसतात हलके, पण दंड भरून आले. मग बोटं पाण्यात पूर्ण पसरायची आणि मूठ वळायची. सकाळी पोळ्या लाटताना न वळणारी उजवी मूठ तिथे वळली.

आणि मग ती म्हणाली, "आता एक पाय उचला." मी काठ शोधायला हात पुढे केला, तर म्हणाली, "नको काकू, पाणी धरेल." डावा गुडघा वर घेतला आणि मी उजव्या पायावर उभी राहिले. आधाराशिवाय. कित्येक वर्षं मी सलवारसुद्धा पलंगावर बसून घालते आहे. डोळे भरून आले. चेहरा ओलाच होता, म्हणून कुणाला कळलं नसावं.

शेजारी कळव्याच्या एक ताई होत्या. त्यांचा आमवात, म्हणजे सांधे सुजवणारा आजार, आणि माझी झीज. दोन्ही दुखणी वेगळी. पाण्यात उतरण्याआधी त्यांना विचारलं गेलं, आज सांधे सुजलेत का, गरम लागताहेत का? उजवं मनगट सुजलेलं होतं, म्हणून डंबेल दिले नाहीत, नुसती हळुवार हालचाल. आमवातासाठीची आठवड्याची मेथोट्रेक्सेटची गोळी त्यांनी थांबवलेली नाही आणि थांबवणारही नाहीत. हे ऐकून बरं वाटलं, कारण औषधं सोडून भलतेच उपाय करणारी माणसं आमच्याच सोसायटीत आहेत.

बाहेर पडणं कठीण गेलं. शिडीच्या प्रत्येक कांबीबरोबर वजन परत अंगावर येत होतं, आणि वर आल्यावर पाय आपले वाटेचनात. बाकावर बसून राहिले. पण दुपारी पाहिलं तर रोज रुतणारी जोडवी बोटात सैल फिरत होती. पाण्याच्या दाबाने पायांची सूज उतरते, ती अशी.

फायदा किती, याबद्दल फिजिओने आधीच स्पष्ट सांगितलं होतं. २०१६ साली कोक्रेन या वैद्यकीय अभ्यास तपासणाऱ्या संस्थेने पाण्यातल्या व्यायामाच्या १३ चाचण्या एकत्र करून पाहिल्या, जवळजवळ १,२०० माणसांच्या. गुडघ्याच्या आणि खुब्याच्या झिजेत दुखणं थोडं कमी होतं, तेही तात्पुरतं. झीज काही भरून येत नाही. मला ते थोडंही हवं आहे. थोडं म्हणजे स्टेशनचा पूल मध्ये न थांबता चढणं, थोडं म्हणजे रात्री कूस बदलताना जाग न येणं.

व्यायामानंतर दोन तासांहून जास्त वेळ दुखणं वाढलेलं राहिलं, तर पुढच्या वेळी कमी करायचं, असा नियम आहे. दुखणं जेवणाच्या आत उतरलं, मांड्या तेवढ्या भरल्यात.

गुरुवारी पुन्हा जाणार. कळव्याच्या ताई म्हणाल्या, पोहण्याच्या तलावात सोयी व्हाव्यात म्हणून सगळ्याजणी सह्या करून अर्ज देऊ. मजकूर मी लिहायला घेतला आहे. रुंद पायऱ्या, दोन्ही बाजूंना हाताला पुरेल असा कठडा, आणि कपडे बदलायच्या खोलीत बसायला बाक.