कोर्टासमोरचं टेबल आणि ड चं बटण

कीबोर्ड बनवणाऱ्या लोकांच्यात इंटरेस्ट चेक म्हणून एक प्रकार असतो. डिझाइनचे फोटो दाखवायचे, अंदाजे किंमत सांगायची, एक फॉर्म फिरवायचा आणि किती जण घेऊ म्हणतात ते बघूनच माल करायला घ्यायचा. पीसीबी, म्हणजे आतलं सर्किट बोर्ड, करून देणारे बहुतेक जण पाचच्या खाली ऑर्डर घेत नाहीत आणि लेझरवर स्विच बसवायच्या प्लेट दोन कापा नाहीतर वीस, मशीन सेट करायला वेळ तेवढाच जातो, म्हणून हे करावंच लागतं. मी बेळगावात उद्यमबागला शीट मेटलच्या वर्कशॉपमध्ये डिझाइन बघते. पॅनल, ब्रॅकेट, कंट्रोल बॉक्स हे रोजचं काम. त्यातून वेळ काढून मी एक स्प्लिट मेकॅनिकल कीबोर्ड डिझाइन केला, मराठी आणि कन्नड टायपिंग करणाऱ्यांसाठी, आणि त्याचा इंटरेस्ट चेक कोर्टासमोर टेबल मांडून बसणाऱ्या टायपिस्ट लोकांच्यात जाऊन केला, त्या दिवसाबद्दल लिहायचंय.

आधी स्प्लिट कशाला ते सांगते. नेहमीच्या कीबोर्डवर दोन्ही हात छातीसमोर जवळ येतात, मनगटं करंगळीकडे वाकतात आणि दिवसभर तशीच राहतात. कीबोर्डचे दोन भाग करून खांद्याएवढ्या अंतरावर ठेवले की मनगट सरळ पडतं. शिवाय नेहमीच्या कीबोर्डच्या ओळी एकमेकींपासून थोड्या सरकलेल्या असतात, ते जुन्या टाइपरायटरच्या दांड्यांमुळे आलेलं, आता दांड्याच नाहीत तरी ते तसंच चालू आहे. स्प्लिटमध्ये बटणं उभ्या रांगेत लावतात आणि प्रत्येक रांग त्या त्या बोटाच्या लांबीप्रमाणे वरखाली करतात, मधलं बोट लांब म्हणून त्याची रांग वर, करंगळीची खाली.

आणि इन्स्क्रिप्ट लेआउट तर जणू स्प्लिटसाठीच केलाय असं मला वाटतं. भारतीय लिप्यांसाठी कुठलं अक्षर कुठल्या बटणावर याची ही मांडणी, १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने तो लेआउट ठरवला, पुढे १९९१ च्या भारतीय मानकात पण तो आला. त्यात मात्रा जवळजवळ सगळ्या डाव्या हाताला आणि व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. तिकीट लिहून बघा, त उजवा, वेलांटी डावा, क उजवा, वेलांटी डावा, ट उजवा. अक्षराचा पाय मोडायचं बटण पण डाव्या मधल्या बोटाखाली, त्यामुळे क्र, त्य, स्त सगळं उजवा डावा उजवा असं जातं, एक हात मारतोय तोवर दुसरा तयार. फक्त म, ण, न, व डाव्या हाताच्या खालच्या ओळीत आहेत, वामन हे नाव पूर्ण डाव्या हातानेच टाइप होतं. आणि कन्नडच्या इन्स्क्रिप्टमध्ये पण क, त, प, र त्याच जागांवर. आमच्यासारख्या दोन लिप्यांत राहणाऱ्या गावाला ही केवढी मोठी सोय आहे, आणि किती कमी लोक ती वापरतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

खरं, यात एक मोठी अडचण आहे. हौशी लोकांच्यात चालणारे जे छोटे स्प्लिट आहेत, कोर्ने वगैरे, त्यात एकूण बटणं ४२ आणि उजव्या भागात उभ्या रांगा सहा. त्यातल्या सहाव्या रांगेत वर बॅकस्पेस बसतो, म्हणून इन्स्क्रिप्टला उजवीकडे सात लागतात. वरच्या ओळीत ज नंतर चौकोनी कंसाचं बटण येतं आणि त्यावर आपला ड, ढ असतो. इंग्लिशवाल्यांना कंस कधीतरी लागतो, म्हणून त्यांनी तो लेअरमध्ये टाकला, अंगठ्याने एक बटण दाबून धरायचं आणि मग दुसरं मारायचं. आपल्याला ड कधीतरी लागतो का? वडगाव, खडेबाजार, गाडी, झाड, भांडण. ढ काढायचा तर लेअर, शिफ्ट आणि बटण तिन्ही एकदम. ऑ चा आकार आणि ऋकार पण तिकडे टोकाच्या बटणांवरच. डॉक्टर लिहायला घेतलं की पहिल्या अक्षराचे दोन्ही तुकडे कीबोर्डच्या बाहेर! हे सॉफ्टवेअरमध्ये बसल्या बसल्या सुटत नाही, कारण कीबोर्ड अक्षर पाठवतच नाही, फक्त अमुक जागेचं बटण दाबलं एवढा नंबर पाठवतो आणि अक्षर कॉम्प्युटर ठरवतो. ती जागाच नसली तर नंबर तरी कुठल्या बटणाने पाठवायचा?

म्हणून मी उजव्या भागाला सातवी रांग दिली. डावा सहाचा, उजवा सातचा. आता खर्चाची गोष्ट. कोर्नेसारख्या डिझाइनमध्ये दोन्ही भागांना एकच पीसीबी वापरतात, उलटा केला की डाव्याचा उजवा होतो. माझे भाग असमान झाले म्हणजे दोन वेगळे पीसीबी, दोन वेगळ्या ऑर्डरी, दोन वेगळ्या प्लेट. किंमत लगेच वर गेली.

मालकांना सगळं दाखवलं. त्यांनी लेझरवर ट्रायल कापायला परवानगी आधीच दिली होती, त्याबद्दल मी त्यांची कायम ऋणी आहे. स्विच प्लेटमध्ये खटकन बसायला प्लेट दीड एमएमची आणि भोक १४ एमएम चौरस लागतं, पण लेझर स्वतःची जाडी खातो आणि भोक वाढतं, म्हणून एका पट्टीवर १३.८० पासून पाच-पाच शतांश वाढवत भोकं कापली आणि प्रत्येकात स्विच बसवून बघितला. एकात घट्ट, पुढच्या एकात थोडा डुलतो, त्या दोन्हींच्या मधल्यात बरोब्बर. हे बघताना आमचा लेझर ऑपरेटर पण रंगला होता. मालक मात्र एकच बोलले, "नुसतं छान छान म्हणणारे नकोत. डिपॉझिट देणारे आण, मग शीट लावूया."

फॉर्मवर पुण्या-बेंगळुरूच्या कीबोर्डवेड्यांचे हो आले होते, बरेच आले होते, त्यांचे प्रश्न पण चांगले होते, वायरलेस होणार का, लाइट लागणार का, लो प्रोफाइल स्विच बसतील का. पण त्यातले बहुतेक मराठी टाइप करतच नाहीत. ज्यांचं पोट दोन भाषांच्या टायपिंगवर आहे त्यांच्या हाताखाली हे गेल्याशिवाय मला काही कळणार नव्हतं. म्हणून एक दिवस रजा टाकली आणि प्रोटोटाइप डब्यात भरून चन्नम्मा सर्कलला गेले.

कोर्टाच्या बाहेर जे लोक बसतात त्यांच्यातल्या एक अक्का आमच्या ओळखीच्या. पन्नाशीच्या असतील. अर्ज, अॅफिडेविट, भाडेकरार, आणि मधल्या वेळेत मराठी पत्रं, मंडळाच्या पावत्या, लग्नपत्रिकेचा मजकूर. मराठी इन्स्क्रिप्टमध्ये, कन्नड नुडी या टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये. नुडीचा लेआउट के. पी. राव यांचा, तो इंग्लिश उच्चाराप्रमाणे चालतो, म्हणजे या बाईंच्या बोटांत दोन पूर्ण वेगळे नकाशे आहेत आणि त्या ओळीओळीला बदलतात. मी बघतच राहिले.

त्यांचा कीबोर्ड काढला, माझा लावला. त्या म्हणाल्या, "मधी एवढं अंतर कशाला गं ठेवलंयस?" मी म्हटलं, हात ठेवून तर बघा. त्यांनी ठेवला, खांदे खाली आले, आणि टाइप केलं. स्क्रीनवर आलं, बेळगा. परत केलं, परत बेळगा. मी वाकून बोटं बघितली. व चं बटण डाव्या भागात आहे आणि अक्का व कायम उजव्या तर्जनीने मारतात, इतकी वर्षं मारतात. त्यांची तर्जनी व शोधत डावीकडे जायची आणि दोन भागांच्या मधल्या फटीत टेबलाच्या फळीवर टक् करून आपटायची. तिसऱ्यांदा आपटली तसं त्या म्हणाल्या, "माझा व खाल्लास की गं!"

टाइपिंग शिकवणारे म्हणतील की व डाव्या हातानेच मारायचा. असेल. पण दिवसाला पंचवीस-तीस पानं काढणाऱ्या बाईला मी बोटं बदलायला सांगणार नाही. बाहेरच्या काही कीबोर्डमध्ये, त्याला अॅलिस लेआउट म्हणतात, हे बटण दोन्ही बाजूंना दिलेलं असतं, ते मला माहीत होतं, पण ते किती गरजेचं आहे ते त्या टक् टक् आवाजाने समजलं. वहीत लिहून घेतलं, आतल्या बाजूला खाली एकेक जादा बटण.

मग त्यांनी भाडेकरार लिहिलं. एका दमात. ड ला करंगळी पसरली आणि ड तिथे होता. त्या काही बोलल्या नाहीत, त्यांना तिथे ड असणारच हे गृहीत होतं. मला मात्र सातव्या रांगेवर केलेला सगळा खर्च वसूल झाल्यासारखं वाटलं.

तोवर आजूबाजूचे जमले. गोदरेजच्या टाइपरायटरवर हात बसलेले एक काका आले, त्यांचा मराठी लेआउट अजून टाइपरायटरचाच, त्यात डाव्या उजव्या हाताची अशी वाटणी नाही, पण मनगट सरळ पडतं हे त्यांना लगेच पटलं. त्यांनी विचारलं एक बटण गेलं तर काय, सगळं फेकायचं काय? मी पुलर, म्हणजे स्विच उपटायचा चिमटा, दिला आणि म्हटलं तुम्हीच काढा. त्यांनी कान्याचा स्विच चिमटीत धरून उपटला, खाली दोन पिना, सोल्डर काही नाही, सॉकेटमध्ये नुसता खोचलेला. काम लिहिलं तर कम आलं. परत खोचला, काम आलं. हे त्यांनी पुढे येणाऱ्या प्रत्येकाला करून दाखवलं. इथे लाल धूळ इतकी असते की साधा कीबोर्ड फार दिवस टिकत नाही, बटण अडकलं की नवा आणायचा, त्यामुळे त्या माणसांना लाइट-बिट काही नको होतं, एवढंच हवं होतं.

एका पोराने दोन भाग जोडणारी मधली वायर ओढायला घेतली तेव्हा मात्र मी ओरडलेच. ती हेडफोनच्या जॅकसारखी आहे, चालू असताना उपसली की आत संपर्क एकमेकांवरून घसरत जातात आणि शॉर्ट होऊन कंट्रोलर, म्हणजे आतली मुख्य चिप, उडू शकतो. अशा ठिकाणी हा जॅक चालणारच नाही, लॉक होणारा कनेक्टर पाहिजे, हे पण वहीत गेलं.

आणि मग अक्कांनी तो प्रश्न विचारला. "सगळं बरं हाय, खरं भाषा बदलायचं बटण कुठं हाय?" मी शॉर्टकट दाखवला. त्या म्हणाल्या, "ते आम्हाला बी म्हाईत हाय. पार्टी मराठीत सांगतीय, अर्ज कन्नडात, नाव आधारकार्डावरचं इंग्लिशमधनं. दिवसभर आम्ही तेच करायलोय. आणि आता कुठली भाषा चालू हाय ते कळतच न्हाई, एक ओळ मारल्यावर कळतंय." शेजारचे सगळे होय होय करायला लागले, एक जण "हौद री" म्हणाला. तीन बटणं पाहिजेत, एक दाबलं की मराठी, एक दाबलं की कन्नड, एक इंग्लिश. आधी कुठली चालू होती याचा विचारच करायचा नाही.

तिथल्या तिथे माझ्या डोक्यात बसलं. डाव्या भागाला पण सातवी रांग द्यायची आणि त्यात ही तीन बटणं घालायची! प्रत्येक बटणात कुठला शॉर्टकट पाठवायचा ते फर्मवेअरमध्ये, म्हणजे कीबोर्डच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये, भरता येतं, विंडोजमध्ये प्रत्येक भाषेला वेगळा शॉर्टकट लावता येतो, नुडीला जो लागेल तो वेगळा. आणि दोन्ही भाग सात-सात रांगांचे झाले की ते सारखे झाले, म्हणजे पीसीबी एकच, उलटा केला की दुसरा भाग, प्लेटचं ड्रॉइंग पण एकच. जी रांग वाढवल्यामुळे खर्च वाढला होता तीच दुसऱ्या बाजूला पण वाढवल्यावर खर्च खाली येत होता. मी वहीत काढून दाखवलं, अक्कांनी पेन घेऊन क्रम बदलला, कन्नड वर, मराठी मधे, इंग्लिश खाली, कारण कन्नड जास्त लागतं.

किंमत सांगितली तेव्हा गर्दी थोडी हलली, ते साहजिक आहे, एवढ्या पैशात चार-पाच साधे कीबोर्ड येतात. पण अक्कांनी पाचशेची नोट काढून दिली आणि पावती लिहून घेतली, ती पण माझ्याच प्रोटोटाइपवर टाइप करून. काकांनी दिले. आणखी दोघांनी दिले. एक म्हणाला पहिला नुसता उजवा भाग मिळेल काय, डावा पुढच्या महिन्यात घेतो. प्रत्येक भागात स्वतंत्र कंट्रोलर आहेच, तर ते जमू शकतं, तसा मी आता सेट वेगवेगळा विकायचं ठरवलंय.

दुसऱ्या दिवशी मालकांच्या टेबलावर पैसे आणि वही ठेवली. त्यांनी पैसे मोजले नाहीत, वहीच बघत बसले, आणि मग ऑपरेटरला हाक मारून स्टॉकला दीड एमएमचं कुठलं शीट आहे ते विचारलं. नवीन प्लेट कापून झाली आहे, पीसीबीची फाइल चेक करून पाठवायची आहे, व चं बटण दोन्ही बाजूंना आहे. पुढे खानापूर आणि निपाणीच्या डीटीपीवाल्यांकडे घेऊन जायचंय.

एक गोष्ट अजून ठरत नाहीये. ऑ चा आकार मी सध्या उजव्या करंगळीच्या पलीकडे ठेवलाय, पण डॉक्टर, ऑफिस, कॉलेज, ऑर्डर, कोर्टात तर सगळीकडे तोच लागतो आणि अंगठ्याजवळ एक जागा शिल्लक आहे. रोज इन्स्क्रिप्टमध्ये काम करणारे कोणी असतील तर तुमचं बोट तिथे आपोआप कुठलं जातं ते मला सांगा, फाइल पाठवायच्या आधी बदलता येईल.